वाटणीतले कार्बोरेटर

आमची गाडी बेवारस नव्हती, साहेब. तुम्ही ती बेवारस केलीत.

रस्ता रुंद करायचा म्हणून आधी माझ्या थोरल्या भावाची शेड पाडलीत. शेडमध्ये गाडी उभी होती. पत्रे गेले, भिंती गेल्या, गाडी जिथल्या तिथं राहिली. काल शेड होती तिथं आज रस्ता आला, म्हणून गाडी रस्त्यात उभी आहे असं तुमच्या माणसांनी ठरवलं. काचेवर खडूनं फुली मारली आणि पुढच्या आठवड्यात उचलून नेली. माणसाला घराबाहेर काढायचं आणि मग उघड्यावर सापडला म्हणून धरायचं, असला प्रकार. याला तुमच्या खात्यात काय म्हणतात मला ठाऊक नाही. आमच्या गल्लीत जे म्हणतात ते छापता येत नाही.

पण माझं भांडण शेडीचं नाही. माझं भांडण त्या एका दिवसाचं आहे. तुम्ही विसरला असाल. मी नाही.

सकाळी मी जप्तीच्या आवारात आलो तेव्हा तुम्ही बाभळीखाली खुर्ची टाकून बसला होता. समोर स्टुलावर चहा. आवारात गाड्यांचा नुसता खच. काचा फुटलेले टेम्पो, चाकं नसलेल्या रिक्षा, आणि त्या सगळ्यांच्या मागं लांब नाकाची काळी रायली, जुनी विलायती मोटार. इतक्या धुळीतसुद्धा तिचा रुबाब गेला नव्हता.

"ती काळी गाडी आमची, साहेब," मी म्हणालो. "माझं नाव हिंदुराव लोहार. भावाचं केरबा."

"ती होय? चालू आहे का?"

"इंजिन चांगलं आहे. कार्बोरेटर काढलेत."

"चोरीला गेले?"

"न्हाई. वाटणीत गेले."

तुम्ही कप तोंडाशी नेता नेता थांबलात. "म्हणजे?"

मग मी तुम्हाला सगळं सांगितलं. हसण्यासारखंच आहे, सांगतो परत. आमचे वडील, आबा, इंजिनवाले. कोल्हापुरात त्यांच्या हाताला तोड नव्हती, असं मी म्हणणार नाही, पुष्कळांचा हात चांगला होता. पण ही रायली त्यांनी संस्थानातल्या एका कारभाऱ्याच्या विधवेकडून आणली ती नुसता सांगाडा होती, आणि तिचं इंजिन त्यांनी आम्हा दोघा भावांना हाताशी घेऊन उभं केलं. आबा गेले आणि वर्षभरात आम्ही भांडलो. कशावरून? घर फुटतं तेव्हा कशावरून फुटतं? कोण गॅरेजला उशिरा येतो, कुणाच्या बायकोनं कुणाला काय म्हटलं. वाटणीला पंच म्हणून आमचे मामा बसले. मामा म्हणजे मापाचा पक्का माणूस. पाने वाटले. इंची पान्यांचा अख्खा संच एकाआड एक करून दोघांत घातला, म्हणजे अर्ध्या इंचाचा दादाकडं आणि त्याच्या पुढचा माझ्याकडं. एक नट खोलायचा तरी शेजारी मागायला जावं लागेल अशी वाटणी.

गाडीपाशी मामा अडले. गाडी कापता येईना. विकायला दोघंही तयार होईनात. तेव्हा मामांनी डोकं चालवलं. या इंजिनाला पेट्रोलात हवा मिसळून देणारे दोन कार्बोरेटर. दोन्ही काढायला लावले, एक केरबाच्या हातात दिला, एक माझ्या. गाडी राहील थोरल्याच्या शेडीत. "एकट्याला चालवता येणार न्हाई," मामा म्हणाले, "ज्या दिवशी दोघांस्नी एकत्र बसायची अक्कल येईल त्या दिवशी चालवा." मामांना वाटलं, महिन्याभरात आम्ही ताळ्यावर येऊ. मामा वारले, तरी आम्ही आलो नाही.

तुम्ही हसलात, साहेब. मनापासून हसलात. माझ्यासाठी दुसरा चहा मागवलात. आणि म्हणालात, "मग बसवा की दोन्ही. इथंच, आवारात. आज संध्याकाळपर्यंत स्वतःच्या चाकांवर हलली तर घेऊन जा. दंड नको, काही नको. बंद राहिली तर मात्र उद्या भंगारात जाईल. माझ्या हातात नाही मग."

"पण भाऊ माझ्याशी बोलत न्हाई, साहेब."

"आज बोलेल," तुम्ही म्हणालात.

मी तुमच्या पायाला हात लावला. तो हात मी अजून धुतोय.

केरबादादा घरासमोरच्या दगडावर बसला होता. शेड गेल्यापासून तो तिथंच बसायचा, समोरच्या नव्या डांबराकडं बघत. मला बघून उठला आणि आत गेला. दारात वहिनी आल्या.

"भावजी, कशाला आलाईसा? सकाळी सकाळी नगं ओ भांडान."

"भांडायला न्हाई आलो. वहिनी, त्याला म्हणावं, कार्बोरेटर आण. गाडी सुटतीया."

आतून आवाज आला, "कोण सोडतोय?"

"साहेब! मोठा साहेब. आज चालू करून न्यायची, बास."

दादा बाहेर आला. बंडी, लेंगा, दाढी वाढलेली. सात वर्षांनी पहिल्यांदा त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"शेड पाडली तवाबी एक साहेबच हुता," तो म्हणाला. "ह्यानं शब्द दिलाय?"

"दिलाय."

"त्याच्या शब्दाला मी विचारत न्हाई. तू देतोस काय?"

"देतो," मी म्हणालो.

दादा आत गेला. बराच वेळ काही तरी हुडकल्याचा आवाज आला आणि मग तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आला. सोडून बघितलं तर कार्बोरेटर तेलानं चमकत होता. पितळेला डाग नाही.

"तुझा कुठाय?"

मी पिशवीतून माझा काढला. दादानं तो हातात घेतला, उलटा केला. आतून वाळवीनं आणल्यासारखी माती गळली.

"ह्यात काय पेरलं हुतंस रं? भुईमूग?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो. काय करणार.

आवारात आलो तेव्हा ऊन चढलं होतं. दादानं बॉनेट उघडलं आणि हँडल लावून इंजिन फिरवून बघितलं. मऊ फिरलं. तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं बंद पडलेलं इंजिन असं फिरत नाही. तो शेडीत दर आठवड्याला प्लग काढून आत तेल सोडायचा आणि हँडलनं फिरवत राहायचा. चालणार नाही हे ठाऊक असलेलं इंजिन.

"इंजिन गंजून धरू दिलं न्हाईस व्हय रं?" मी विचारलं.

"मग? तुझ्या कार्बेटरागत करू?"

ब्रेक धरले होते ते सोडवले. चाकांत हवा भरली. माझ्या गॅरेजातली बॅटरी आणली, कॅनमध्ये ताजं पेट्रोल आणलं. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मधलं कागदी पॅकिंग दादानं जागेवर कातरलं, वहाणेच्या चामड्यावर ठेवून, नटाच्या भोकांना हातोडीच्या गोल डोक्यानं ठोकून. मी माझा कार्बोरेटर पेट्रोलात धूत बसलो. आतला पिस्टन जाम. हाताची बोटं काळी झाली, नखं गेली, तो हलेना.

"जोर लावू नगंस," दादा म्हणाला. "हिकडं आण."

त्यानं तो कुशीत घेतल्यासारखा धरला, चारी बाजूंनी लाकडी मुठीनं हलकं हलकं ठोकलं, आणि पिस्टन खाली पडला, टक् करून. असा आवाज झाला की आम्ही दोघांनीही एकमेकांकडं बघितलं. पिस्टनच्या टोकाची सुई सरळ होती. आबांनी घातलेली.

"आर्ध्याचा पाना," मी हात पुढं केला.

"माझ्या वाटणीचा हाय," दादा म्हणाला, आणि दिला.

"पुढचा तुझ्याकडं असंल," तोच म्हणाला.

"हाय की. मागून बघ."

असं करत करत दोन्ही बसले. पुढचा दादाचा, मागचा माझा. मधली दांडी, जी दोघांना एकदम उघडते, ती आम्ही मुद्दाम सैल ठेवली. आबांची रीतच ती. आधी प्रत्येकाला आपापलं चालू द्यायचं, दोघांची ओढ सारखी झाली की मगच दांडी आवळायची. आधीच आवळली तर एक दुसऱ्याला खेचत राहतो आणि इंजिन कधीच धड चालत नाही.

पहिल्यांदा चालू झाली ती खोकत. काळा धूर, मग पांढरा, मग एक मोठा फटाका, आणि बंद. तुमचा पहारेकरी दचकून खुर्चीवरून उठला. दुसऱ्यांदा चालू झाली आणि राहिली. पण कशी? लंगडी. सगळी गाडी थरथरत होती, बॉनेटचा पत्रा खडखडत होता.

दादानं खिशातून रबरी नळीचा तुकडा काढला. कोल्हापुरातले जुने मिस्त्री अजून असंच करतात. नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. हवा आत शिरते तिचा फुस्स आवाज ऐकायचा. मग दुसऱ्याचा ऐकायचा. दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत दोन्हीकडचे स्क्रू फिरवत राहायचं. मीटरबीटर काही नाही.

दादानं नळी कानाला लावली. डोळे मिटले. पुढच्याचं ऐकलं, मागच्याचं ऐकलं. परत पुढच्याचं. कपाळाला आठी. मग दुसऱ्या कानाला लावली. परत तेच. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन थांबलोय, तो काही सांगेना.

"काय झालं?"

त्यानं नळी काढून माझ्या हातात दिली.

"तू ऐक. मला आता एवढं बारीक न्हाई ऐकू येत."

"कधीपासनं?"

"ऐक म्हटलं की."

साहेब, आबा होते तोवर ही नळी मला कुणी दिली नव्हती. आबा ऐकायचे, आबांच्या नंतर दादा ऐकायचा, मी स्क्रू फिरवायचो. आमच्या निम्म्या भांडणाचं मूळ तेच असेल कदाचित. आता तो वाकून स्क्रूपाशी बसला आणि मी नळी कानाला लावली.

"पुढचा?"

"पुढचा कुकर शिट्टीवर आल्यागत."

"आणि मागचा?"

"मागचा झोपलाय. घोरतोय."

"मालकावर गेलाय," दादा म्हणाला, आणि मागचा स्क्रू पाव फिरवला. "आता?"

"जागा झाला."

"पुढचा?"

"अजून जोरात हाय. उतरव. जरा. जरा… लई झालं, मर्दा, लई झालं, परत चढव."

"एक काय ते सांग!"

"सांगतोय की! आता थांब. हालू नगंस."

दोन्ही आवाज एक झाले. कसं सांगू? पुढच्यावरून नळी मागच्यावर नेली तरी नेली असं वाटेना. मी तीन वेळा नेऊन बघितली. मग पिस्टन स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं किंचित उचलून बघितले, एकेक. इंजिन क्षणभर चढलं आणि परत आपल्या चालीवर आलं. दोन्ही वेळा. पेट्रोल आणि हवा, बरोबर जमलेली.

"आवळ," मी म्हणालो.

दादानं मधली दांडी आवळली.

गाडीचं थरथरणं थांबलं. बॉनेटचा पत्रा गप झाला. नुसता एक घुमणारा, खालच्या पट्टीतला आवाज. पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, "चालू हाय का बंद पडली?" दादा मोठ्यानं हसला. बाप गेल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. त्यानं काळे हात माझ्याच शर्टाला पुसले.

"उद्यापासनं गाडी तुझ्या दारात लाव," तो म्हणाला. "माझ्याकडं कुठली जागा आता. मी येत जाईन रोज सकाळी."

"येत जा," मी म्हणालो. 

"तुझ्या वहिनीला सांगतो, रंकाळ्यावर जाऊ हिच्यातनं. तुझी बायकू, माझी बायकू. भांडू देत मागं बसून."

तेव्हा तुम्ही कचेरीतून बाहेर आलात, साहेब.

गाडीभोवती एक चक्कर मारलीत. बॉनेटवर हात ठेवून बघितलंत. "कमाल आहे," म्हणालात. मग फाटकाच्या उलट बाजूला बोट केलंत. तिथं मातीचा चढ केलेला होता आणि चढाच्या टोकाला भंगाराची लॉरी, मागचा फाळका पाडून. आत आधीच दोन फियाट होत्या, एकीवर एक.

"घ्या. त्या चढावरून लॉरीत घ्या," तुम्ही म्हणालात.

दादाला कळलं नाही. "फाटक हिकडं हाय, साहेब."

"क्रेन बंद आहे. बाकीच्या माणसं लावून ढकलल्या. ही हलत नव्हती."

मी पुढं झालो. "साहेब, तुम्ही सकाळी म्हणाला होता, चालू झाली तर घेऊन जा. मी भावाला शब्द देऊन आणलाय."

तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही. दादाकडं बघितलंत. दादाच्या हातात पाना होता. आणि अगदी शांत, समजावल्यासारखं तुम्ही त्याला म्हणालात, "तुमच्या भावाशी सकाळी सगळं बोलणं झालंय. इथंच चहा घेत बसले होते. गाडी भंगारात जायचीय हे त्यांना माहीत आहे."

इंजिन चालूच होतं. इतकं गुळगुळीत की तुमचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला.

"खोटं हाय, दादा!" मी ओरडलो. "खोटं बोलतोय हा!"

दादा बॉनेटमध्ये वाकला आणि पुढच्या कार्बोरेटरच्या नटाला पाना लावला.

"त्याला हात लावायचा नाही," तुम्ही म्हणालात. "गाडीवर जे बसलंय ते गाडीचं. आणि गाडी खात्याची."

म्हणजे सकाळपर्यंत निदान आमच्या घरी एक एक कार्बोरेटर होता. तोही आम्ही स्वतःच्या हातानं आणून तुमच्या गाडीवर बसवून दिला होता, नवं पॅकिंग घालून.

तुम्ही पहारेकऱ्याला खूण केलीत. तो स्टिअरिंगवर बसला आणि त्यानं गिअर टाकला. क्लच न दाबता टाकला असेल, किंवा त्याला त्या गाडीचं काही ठाऊकच नव्हतं. दात कचकचले. आतडं ओढून काढल्यासारखा आवाज झाला. दादानं दार उघडलं, त्याच्या दंडाला धरून त्याला खाली ओढलं.

"उतर," तो म्हणाला. "अशी न्हाई न्यायची."

आणि स्वतः बसला. पहिला गिअर असा पडला की कळलंही नाही. रायली टेम्पोमागून वळून निघाली, चढाला लागली. मागं धूर नाही, धक्का नाही. लॉरीच्या फाळक्यावर पुढची चाकं चढली, मागची चढली, आणि ती आत जाऊन उभी राहिली. दादानं इंजिन बंद केलं. फाळक्यावरून उतरताना त्याचा पाय घसरला, मी धरायला धावलो. त्यानं हात झटकला.

खाली येऊन त्यानं पसरलेल्या पान्यांतून आपले पाने वेचले. एकाआड एक. माझे तसेच ठेवले. मग माझ्यासमोर उभा राहिला.

"चहा पिलास त्याच्याबरोबर?"



"पिलो, पण दादा…"

त्यानं मान हलवली, आणि फाटकातून बाहेर पडला. चालत.

तो दिसेनासा झाल्यावर मी कचेरीत तुमच्या टेबलापाशी आलो. आठवतंय? मी विचारलं, "साहेब, मला असं का सांगितलंत?" तुम्ही म्हणालात, "तसं सांगितलं नसतं तर तुम्ही चालू करून दिली असती का? मेकॅनिक लावायचा तर वरून मंजुरी आणावी लागते." ते एक वेळ मला समजलं. खात्याची अडचण. मी दुसरं विचारलं, "आणि माझ्या भावाला तसं का सांगितलंत?" तेव्हा तुम्ही पंख्याचं बटण दाबलंत आणि फोन उचललात.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. लॉरी गेली, गाडीचं काय झालं मी विचारायला गेलो नाही. तुमचा तो रुंद रस्ता अजून आहे, दोन्ही बाजूंनी हातगाड्या उभ्या असतात. वहिनी गेल्या तेव्हा मी खांदा द्यायला गेलो होतो. दादानं मला तिरडीला हात लावू दिला नाही. चारचौघांत म्हणाला, "ह्याला बाजूला करा." मी त्याच्या दारात जाऊन सांगून बघितलं, माणसं पाठवून बघितली, बायकोला पाठवलं. त्याचं एकच. "साहेबानं माझ्या तोंडावर सांगितलंय. त्याला खोटं बोलून काय मिळणार हुतं?"

मलाही तेच विचारायचंय. काय मिळालं? गाडी तर तुमच्या हातात होतीच. फाटक बंद होतं, माणसं तुमची, कायदा तुमचा. एक म्हातारा मिस्त्री हातात पाना घेऊन उभा होता, त्याची भीती वाटली? मग पोलीस बोलवायचे होते. त्याच्या मुस्काटात मारायची होती. तेही चाललं असतं, आम्ही दोघांनी मिळून खाल्ली असती.

तुम्ही आता निवृत्त आहात, असं कळलं. मुलाकडं राहता, सकाळी फिरायला जाता. तब्येत चांगली आहे. माझा भाऊ त्याच घरात आहे, रस्त्याच्या कडेला, पहिलंच दार. तुम्हाला शोधायला त्रास पडणार नाही, शेजारची शेड तुम्हीच पाडलीय. मला गाडी नको, भरपाई नको, माफीही नको. त्याच्या समोर उभं राहून त्याला एवढंच सांगा की त्या सकाळी बाभळीखाली तुमचं-माझं काय बोलणं झालं होतं.

काय झालं होतं, साहेब? बोला.